कपडेवाला आचारी

"नियम तुम्ही करायचे आणि माणसं मी शोधायची? किचन ओस पडलं ते तुमच्यामुळे! ऐकताय ना?"

नीना फोनवर ओरडली, तसा पलीकडून रिसॉर्टच्या कमिटीने फोन ठेवला. वर बसणाऱ्यांना एवढंच जमतं.

साउथहॅम्प्टनजवळच्या या रिसॉर्टमध्ये पाहुणे नागडे राहत. नोकरांनी मात्र कपडे घालायचेच. शनिवारी सीझन सुरू होणार होता आणि आचारी नव्हता. आता मिळाला नाही, तर किचनला कुलूप आणि हिवाळ्यातच रुजू झालेली मॅनेजर नीना घरी.

कामाला माणसं दोनच प्रकारची येत. लाजणारी आपणहून पळत. टक लावून बघणाऱ्यांना नीना हाकलून देई.

आज शशिधरकाका आले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगात नवाकोरा शर्ट. बसण्याआधी त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, खुर्चीवर नीट अंथरला आणि मग टेकले.

"काका, खुर्ची स्वच्छ आहे हो."

"सवय गं, दुसरं काय!"

सोवळ्यातलं प्रकरण दिसतंय, नीनाच्या मनात आलं. हे इथे कसं निभायचं?

तिने त्यांना मुद्दाम तळ्याकडून नेलं. चार-दोन सभासद आधीच येऊन उन्हात टॉवेल अंथरून पहुडले होते. काकांनी मान खाली घातली नाही की डोळे फाडले नाहीत. बर्चच्या झाडापाशी मात्र थबकले.

"इथे बाक होता ना?"

"असेल. मी नवीन आहे."

"या कोपऱ्यात ऊन शेवटपर्यंत रेंगाळतं." त्यांनी डोळे पुसले. "हे झाडांचं पोलन मेलं, डोळ्यांत जातं."

किचनमध्ये त्यांनी पोहे केले. पहिल्याच घासाला नीनाला पुण्याचं घर आठवलं.

"कुणाकडून शिकलात?"

"बायकोकडून. यमुना. ऊन पडलं की पन्नास माणसांचे पोहे एकटी करायची. गोरे बोटं चाटत. गेली गेल्या वर्षी."

"कुठे करायच्या, महाराष्ट्र मंडळात?"

"मंडळच म्हण." काका हसले आणि कॉलरीत बोट घालून मान वळवू लागले.

नीनाने बशी पुसून खाल्ली. माणूस हातचा जाऊ द्यायचा नव्हता, पण पुन्हा तोंडघशीही पडायचं नव्हतं.

"काका, स्पष्ट विचारते. इथे भलेभले पहिल्याच दिवशी पळतात. तुम्ही टिकाल कशावरून?"

काकांनी गळ्याचं बटण उघडलं.

"हे कपडे तेवढे सोसले पाहिजेत. वीस उन्हाळे आम्ही दोघं त्या बर्चखाली नागडे पडून असायचो. ती गेली, आणि तुमची कमिटी म्हणाली, एकट्या पुरुषाला प्रवेश नाही. म्हटलं, मग कपडे घालून जावं. आता बोल, घेतेस की नाही?"