वरच्या मजल्यावरची

चष्मेवालीला इमारतीच्या ग्रुपमधून काढून टाकलं, तेव्हा ती दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होती. काउंटरवरचा फोन थरथरला. तिने तिरक्या नजरेने पाहिलं. सेक्रेटरींनी तुम्हाला काढलं, एवढीच ओळ. तिने काडी इतक्या जोरात वाकवली की गिऱ्हाईक कळवळलं, "बाई, कान माझा आहे!"

"काडीही तुमचीच आहे," ती फणकारली.

हे सगळं वरचीमुळे झालं होतं. वरची म्हणजे तिच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक. आईच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी म्हणून मायलेकी जुनं घर विकून या इमारतीत आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात वरच्या कुंड्यांचं पाणी यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर ओघळलं. चष्मेवालीने ग्रुपवर तक्रार लिहिली. वरचीचं उत्तर आलं. "'पाणि' नव्हे, 'पाणी'. आधी लिहायला शिका, मग रडा."

चष्मेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथून दोघींची जी जुंपली, ती सुटलीच नाही. बाकीचे लोक सकाळी ग्रुपवर फुलांची चित्रं टाकत आणि दिवसभर गप्प बसत. त्या फुलांच्या गर्दीत या दोघी एकमेकींना बोचकारत. वर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला की चष्मेवाली लिहायची, "काही लोकांच्या घरातल्या खुर्च्यांना पाय नसून खूर असावेत." वरची लिहायची, "ज्यांचे कान एवढे लांब, त्यांनी खुरांबद्दल बोलू नये." लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या तर मात्र दोघी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहत.

या इमारतीत चष्मेवालीशी दुसरं बोलायचं तरी कोण? सुरुवातीला ती सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांत गेली होती. त्या हसल्या, "या ना," म्हणाल्या आणि आपापल्या सुनांच्या गोष्टी पुढे सांगू लागल्या. त्या सुना कोण, त्यांनी काय केलं, हिला काही कळेना. शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे यायचे. चाळिशी उलटलेल्या बाईशी नव्याने ओळख करून घ्यायला कोणाला सवड असते?

त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या आईने विचारलं, "काय म्हणाली गं आज ती महामाया?" आईला वरचीचे टोमणे ऐकल्याशिवाय घास उतरत नसे.

"मला काढलंय ग्रुपमधून."

"आणि तिला?"

"तिला कशाला काढतील? तिनेच कान भरले असणार सेक्रेटरींचे."

"चला, सुंठेवाचून खोकला गेला," आई म्हणाली. पण मग तीही ताटात बोटं फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी वर खुर्ची करकरली. चष्मेवालीने सवयीने फोन उचलला. डोक्यात एक झणझणीत वाक्य तयार होतं. ते कुठे लिहिणार? तिने आईला ऐकवलं. आई खो खो हसली, पण उलटून काही बोलली नाही, आणि चष्मेवालीला ते वाक्य शिळ्या भातासारखं वाटलं. राग मग दुपटीने उफाळला. बोलती बंद केली बयेने. समोरासमोर भांडायची हिंमत नाही, म्हणून मागून काटा काढला.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात वरची उभी होती.

"मीठ चोळायला आलात?" चष्मेवालीने दार अर्धंच उघडलं.

"आत येऊ का?"

"जे काय आहे ते बाहेरूनच बोला."

वरचीने ओठ आवळले. "मलाही काढलंय."

"तुम्हाला? उगाच सोंग करू नका. तुम्हीच सांगून मला काढायला लावलंत."

"मी?" वरचीचा आवाज जिनाभर घुमला. "त्या सेक्रेटरीला मी सांगितलं, की खालच्या बाईंना आत्ताच्या आत्ता परत घ्या. तो म्हणाला, ग्रुप शांत राहिला पाहिजे. म्हटलं, शांतता हवी तर स्मशानात जाऊन बस. तेही ग्रुपवर, सगळ्यांसमोर. मग काय, मलाही बाहेरचा रस्ता."

चष्मेवाली थक्क झाली. "माझ्यासाठी भांडलात?"

"तुमच्यासाठी कशाला भांडू? तोंड बघितलंय का स्वतःचं?" वरची खवळली. मग तिने पदराने कपाळ पुसलं. "जन्म गेला माझा दुसऱ्यांचं वाचण्यात. या इमारतीत आले तेव्हापासून मीही त्या ग्रुपवर लिहायचे. वाचलेलं, आठवलेलं, काहीबाही. खाली एक अंगठा उमटायचा. संपलं."

चष्मेवाली दारातून बाजूला झाली. वरची मात्र जागची हलली नाही. उंबऱ्याकडे बघत, भांडल्यासारख्याच सुरात ती म्हणाली, "माझं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचून त्यावर चिडणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं."