लॅपटॉपचं आसन

लॅपटॉप तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला, तशी कुमुदताईंनी जपमाळ गोमुखीत सारली आणि त्या सुनेच्या टेबलापाशी आल्या. नव्या नोकरीतलं पहिलंच काम मृण्मयीला संध्याकाळच्या आत पाठवायचं होतं.

“तापतोय, आई. आता लिनक्समध्ये प्रोसेसरचा वेग अर्ध्यावर आणते, म्हणजे बंद नाही पडणार.”

“आणि काम?”

“रखडेल थोडं.”

देवाची मूर्ती उचलावी तसा कुमुदताईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, तर बोटांना चटका बसला. खाली त्यांनीच शिवलेलं कापसाचं आसन होतं. विद्येची वस्तू नुसत्या लाकडावर ठेवू नये, म्हणून सुनेला यश येईपर्यंत रोज पूजेनंतर ते अंथरायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. लॅपटॉपच्या पोटाला बारीक जाळी होती आणि आसनाने ती पुरती बुजत होती.

“अगं, याचा वारा तर इथून जातो! तुला ठाऊक होतं?”

मृण्मयी बंद पडलेल्या काळ्या पडद्याकडेच बघत राहिली. “पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही इतक्या श्रद्धेने अंथरता... म्हटलं, वेगच कमी करू.”

कुमुदताईंनी आसन ओढून काढलं आणि लॅपटॉप उघड्या लाकडावर ठेवला.

“वेग राहू दे आहे तसाच. आणि ऊठ जरा.”

“का हो, आई?”

“यश मागते तुझ्यासाठी आणि मऊ आसन देते यंत्राला! मला मेलीला कळू नये?” असं म्हणत त्यांनी आसन झटकलं आणि तिच्या खुर्चीवर अंथरलं.