कुंकवाची पावलं

“पुसू नका, फ्रेम करायचीत!” आई ओरडली. माझ्या धाकट्या भावाची नवरी कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कापडावरून घरात आली होती. सगळे पावलांचे फोटो काढत होते. मी मात्र उजवा ठसा तिसऱ्यांदा वाकून पाहिला.

प्रयोगशाळेत मी नस दुखावलेल्या उंदरांच्या पायांना शाई लावते आणि त्यांना कागदावरून चालवते. नस कामातून गेली असेल तर बोटं फाकत नाहीत, ठसा फरफटतो. हा तसाच होता.

मी भावाला बाजूला ओढलं. “अरे, तिच्या पायाची नस...”

“माहितीय मला. लग्न ठरायच्या आधीच सांगितलंय तिने.” त्याने माझा हात घट्ट धरला. “ताई, तुझे किती उंदीर पुन्हा नीट चालले?”