पारडी बदलून

"जवळचं," लेक म्हणाली. "माझं ठरलंय."

काटेवाले तेव्हा वाण्याचा तराजू मांडीवर घेऊन त्याची साखळी ओवत होते. तराजू दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवाले म्हणायची. लेकीला इंजिनिअरिंगसाठी दोन विद्यापीठांत जागा मिळाली होती. एक बसने जाऊन-येऊन करण्याजोगं, दुसरं रात्रभराच्या प्रवासावर. आज संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. दुसरं मग कायमचं हातचं जाणार होतं.

लांबच्या विद्यापीठाचं नाव तिने शाळेत असल्यापासून जपलं होतं. तिथे जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा उडी मारून तिने माळ्याला डोकं आपटून घेतलं होतं. आणि गेला आठवडाभर ती जवळच्या विद्यापीठाचे गोडवे गात होती. शिक्षक चांगले आहेत, बस दारात थांबते, कँटीनही स्वच्छ आहे. गाडी कँटीनपर्यंत आली तेव्हाच काटेवाल्यांना संशय आला.

त्यांनी तराजू आकड्याला टांगला आणि लेकीला समोरच्या स्टुलावर बसवलं.

एखाद्या तराजूचा संशय आला की बाबा काय करतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. डाव्या पारड्यातलं उजव्यात ठेवायचं, उजव्यातलं डाव्यात. तराजू खरा असेल तर जड वस्तू जिकडे जाईल तिकडचं पारडं खाली जातं. वस्तू बदलूनही तेच पारडं खाली राहिलं, तर खोट तराजूत असते.

"समज, ते लांबचं विद्यापीठ आपल्या चौकात आहे," काटेवाले म्हणाले, "आणि हे जवळचं तिकडे लांब. आता सांग."

"चौकातलं," ती म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

म्हणजे विद्यापीठाचा प्रश्नच नव्हता. पोरीला चौक हवा होता, आणि चौकात होतं कोण, तर आपण. काटेवाल्यांना वाईट वाटलं. मग तिनेच सगळं बोलून टाकलं. आई गेल्यापासून घर तीच बघत होती. ती गेली तर बाबांच्या गोळ्या कोण बघणार, कामाच्या नादात त्यांचं जेवण राहिलं तर हाक कोण मारणार. या तीन खोल्यांत त्यांना एकटं टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

पण तीही काटेवाल्यांचीच लेक. डोळे पुसून तिने तोच डाव त्यांच्यावर उलटवला. "आता तू सांग बाबा. ते चौकात आहे, हे लांब आहे. मी कुठे जाऊ?"

"लांबच्याला," काटेवाले म्हणाले.

"पण आतापर्यंत तर तू दुसऱ्याच विद्यापीठाचं म्हणत होतास..."

"आतापर्यंतही लांबचंच म्हणत होतो. माझाही तराजू खोटा आहे."

मी तुला नको झालेय का, असं तिने विचारलं. काटेवाल्यांनी साखळीवरची नजर न काढता गाऱ्हाणी मांडायला सुरुवात केली. साखरेचा डबा कपाटावर जाऊन बसलाय. रेडिओ जरा मोठा केला की आतून हुकूम येतो. शेजारचे शिंपी पत्ते घेऊन आले की त्यांना दारातूनच वाटेला लावलं जातं.

"तुझ्या आईनेसुद्धा इतका धाक ठेवला नव्हता," ते म्हणाले. "मला जरा मोकळा श्वास घेऊ दे की."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. "मी घराचा खांब म्हणून उभी होते," ती कशीबशी म्हणाली, "आणि तुला मी जेलर वाटत होते."

तिचा जीव भांड्यात पडला. तिथेच फोन काढून तिने लांबच्या विद्यापीठाला होकार कळवला आणि माळ्यावरची बॅग काढायला आत धावली.

पारड्याला बोट लावू नका, असं जन्मभर दुकानदारांना बजावणाऱ्या माणसाने आज स्वतःच बोट लावलं होतं. साखर काय, पत्ते काय, त्यांची तक्रार कशाचीच नव्हती. गाऱ्हाण्यांची ती माळ त्यांनी बसल्या जागी ओवली होती. पोर गेली की घर खायला उठेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

उगाच बसून राहण्यापेक्षा चहा तरी करावा म्हणून ते उठले. स्टुलावर चढून त्यांनी साखरेचा डबा काढला. कपात दोन चमचे घातले, दाराकडे पाहिलं, आणखी एक घातला. रेडिओ लावला, मोठा केला. आतून हुकूम आला नाही. खिडकीतून त्यांनी शिंप्यांना हाक मारून संध्याकाळी पत्ते घेऊन यायला सांगितलं. पोरगी रागावेल, असं शिंपी म्हणाले. नाही रागावणार, काटेवाले म्हणाले, आणि गाण्याबरोबर गुणगुणत चहाचा घोट घेताना अचानक थबकले.

पारड्यावरचं बोट कधीच काढलं होतं, आणि काटा तिथेच झुकलेला होता.