चौदा माणसांचं पाणी

चुली वेगळ्या झाल्या तरी दोन्ही जावांच्या अंगणात नळ एकच होता. त्याला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि पाण्याआधी भांडण यायचं. आज पाणीपुरवठ्याचा माणूस नव्या योजनेसाठी दारात उभा होता. वीस वर्षांनी ज्या घरात जितकी माणसं असतील, तितकंच पाणी त्या घराला मंजूर होणार होतं.

थोरलीने पदर खोचला. "आमची लिहा चौदा! तीन मुलगे, तीन होणाऱ्या सुना, सहा नातवंडं नि आम्ही दोघं. आणि हिला काय विचारताय? ना पोर, ना बाळ. हिला एक कळशी पुष्कळ!"

धाकटीच्या काळजाला ते नेहमीसारखंच कडकडून डसलं. पण आज ती रडत आत गेली नाही, उंबरा ओलांडून पुढे आली.

"साहेब, त्यांची बारा लिहा, आणि आमची चार."

"चार कशी? तुम्ही तर दोघंच ना?"

 

"आम्ही दोघं आणि हे थोरले दोघं. ह्यांचे लाडके मुलगे आत्ताच घोटभर पाणी मागितलं तर जागचे हलत नाहीत. म्हातारपणी ह्यांना पाणी मलाच पाजायचंय!"