अंगातला कोट

नवरा-बायको दोघं दुकानाची काच पुसत होती. फडकं करकरत होतं. त्यांच्या शिवणकामाच्या दुकानावर रात्रीतून कुणीतरी इथल्या भाषेत लाल रंगाने लिहून गेलं होतं: ‘उपऱ्यांनो, चालते व्हा.’ “इतकी वर्षं यांचे कपडे शिवले आपण! माणसं आहेत की जनावरं?” नवरा उसळला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मायदेशी, निवडणुकीच्या धामधुमीत, तिला कात्री धरायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या दारावर हेच शब्द उमटले, तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर फोटोखाली यानेच टाळ्या पाठवल्या होत्या. वर ‘बरी अद्दल घडली’ अशी मल्लिनाथी. “अहो, मास्तरांनीही जन्मभर गावाचेच कपडे शिवले,” ती म्हणाली. “तुमच्या अंगातला हा कोटसुद्धा. ही काच आपण पुसू. त्यांचं दार कोण पुसणार?” त्याने फडकं बादलीत टाकलं, कोटाची बटणं लावली आणि निघून गेला.