तपकिरी वेबसाइट

"ताई, मशीनच्या शटलची ऑर्डर देऊन तीन आठवडे झाले. नसेल द्यायचं तर तसं सांगा!"

फोनवरच्या शिवणकामवाल्या बाई चांगल्याच तापल्या होत्या. ताईने सुट्या भागांच्या ऑर्डरची यादी वरपासून खालपर्यंत चाळली. या बाईंचं नावच नव्हतं.

"कुठल्या वेबसाइटवर दिलीत?"

"तुमच्याच की! ती तपकिरी."

ताईची वेबसाइट दोन वर्षांपासून निळी होती.

तिने बाईंकडून त्या वेबसाइटचा पत्ता मागवला. ना नाव ना गाव, नुसती अक्षरं आणि आकडे. आत मात्र सगळं तिचंच. शिलाई मशीन दुरुस्तीचे धडे, धाग्याचा ताण कसा लावायचा, सुई का तुटते, फोटोसुद्धा तेच. तीन महिने तिची वेबसाइट इंटरनेटच्या शोधात खाली खाली घसरत होती. मांडणी बदलून झाली, प्लगइन नावाची जोड-साधनं काढून, पुन्हा घालून झाली, काही म्हणता काही होईना. आता कारण समोर होतं. लोक तिला शोधायचे आणि भलत्याच दारात जाऊन उभे राहायचे.

वेबसाइट उभी केली होती बहीणभावाने मिळून. कुणालाही फुकट वापरता येते, उघडून दुरुस्त करता येते अशी ती प्रणाली ताई स्वतःच शिकली. बांधणी तिची, धडे धाकट्याचे. धाकट्याला मशीन नुसतं ऐकून कळायचं, कुठे दुखतंय ते. पुढे तिला रोज काहीतरी नवं टाकायची घाई झाली आणि त्याला एकेक धडा आठवडाभर घोटायचा असायचा. दोघांचं बिनसलं. दोन वर्षांपूर्वी तो बाहेर पडला आणि आईच्या घरी पुढच्या खोलीत टेबल मांडून दुरुस्त्या करू लागला.

तपकिरी वेबसाइटवर एक्केचाळीस धडे होते. धाकटा सोडून गेला तेव्हाही एक्केचाळीसच होते. त्यानंतरचा एकही नाही. आणि रूप तेच जुनं, त्याला आवडणारं. निळं केलं तेव्हा तो नाक मुरडून म्हणाला होता, "दवाखाना वाटतोय."

ताईने आईला फोन करून सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण आई काय समजायचं ते समजली.

पुढचे दोन दिवस ताई घरात भिरभिरत होती. दर पाच मिनिटांनी ती तपकिरी पान उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. चहा ओतायची आणि विसरायची.

"अगं, आधी त्याला विचार तरी," नवरा म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? आरशासारखं स्वच्छ आहे."

नऊ तारखेला सकाळी ती आईच्या घरी थडकली. धाकटा मशीन उलटं करून तेल घालत होता. शेजारी आई सुया निवडत बसली होती.

"तूच ना?" ताईने चपलाही काढल्या नाहीत.

त्याने तेलाची कुपी खाली ठेवली. "बस तरी."

"बसायला नाही आले. तू नसशील, तर मला माझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही म्हण. आजच्या आज बंद करते सगळं. आठ वर्षं नुसती झक मारली, असं समजते!"

तिचा आवाज फाटला. आईचे हात थांबले. धाकट्याने हात फडक्याला पुसले आणि बहिणीकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"का?"

"केलं खरं. काढून टाकतो."

आईने मान वर केली नाही. ताई आली तशी निघाली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते नुसतं धडधडल्यासारखं.

ती धडधड तिने कामात उतरवली. दुपारभर बसून एक्केचाळीस धड्यांखालचं भावाचं नाव पुसलं, प्रत्येकाखाली स्वतःचं घातलं. पहिल्या पानावर ठळक सूचना टाकली: आमच्या घरातल्याच माणसाने नक्कल केली आहे, त्याच्याकडे मशीन देताना विचार करा. सूचना वणव्यासारखी पसरली. पंधरवड्यात धाकट्याचं टेबल रिकामं पडलं. आईचा फोन येईनासा झाला.

तपकिरी वेबसाइट मात्र होती तिथेच होती.

तेव्हा ताईचा संयम सुटला. वेबसाइटसाठी जागा देणाऱ्या कंपनीला तिने लांबलचक तक्रार धाडली. ती चोरटी वेबसाइटही त्यांच्याच जागेवर आहे, हे तिने शोधून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलीचा फोन आला.

"ताई, तुमची तक्रार बघितली. पण ही वेबसाइट तुमच्याच खात्यातली आहे."

"माझ्या?"

"दोन वर्षांपूर्वी वेबसाइटचं रूप बदलणारी नवी थीम लावायच्या आदल्या दिवशी तुम्ही चाचणीसाठी प्रत काढली होती. ती बंद करायची राहिली आणि हळूहळू शोधात यायला लागली. तुम्ही हो म्हणालात तर आत्ता काढते."

ताईने खातं उघडलं. प्रत तिथेच होती.

"खात्यावर दुसरं नाव तुमच्या भावाचं आहे ना?" मुलगी म्हणाली. "त्यांनी मागे दोनदा फोन केला होता. प्रत काढून टाका म्हणत होते, पण ते फक्त मालकालाच करता येतं. मी त्यांना सांगितलं, ताईंनाच फोन करायला सांगा."

"कधी?" ताईने विचारलं. "नऊ तारखेनंतर ना? मी त्याच्याकडे जाऊन आल्यावर?"

"दुसरा फोन दहाला. पण पहिला आठलाच, आईकडून कळलं म्हणून, आणि प्रत कुणाची ते आम्ही त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले, तिला कळवू नका, सहन नाही व्हायचं तिला."